जुन्या गाडीच्या बंपरचे बोल्ट: तयार संच, टोपीचे बोल्ट आणि लेथवर घडवून घेतलेले बोल्ट

बंपरवर नवा क्रोम चढवून आणला आणि तो बसवायला हातात गंजलेलेच बोल्ट असले, तर आधीच्या सगळ्या श्रमांचे चीज होत नाही. माझी गाडी १९५२ सालची, ब्रिटिश बनावटीची, चार दारांची सलून आहे. तिच्या दोन्ही बंपरना मिळून घुमटाकार डोक्याचे आठ बोल्ट लागतात आणि तेवढे आठ बोल्ट मिळवण्यात माझे जवळजवळ दहा महिने गेले. या काळात एका विक्रेत्याकडून मागवलेला स्टेनलेस स्टीलचा तयार संच, दुसऱ्याकडचे पातळ टोपी चढवलेले बोल्ट आणि एका टर्नरकडून लेथवर घडवून घेतलेले बोल्ट असे तिन्ही पर्याय मी प्रत्यक्ष गाडीवर बसवून पाहिले. खाली तिन्हींचा अभिप्राय दिला आहे, पण त्यातला मोठा भाग घडवून घेतलेल्या बोल्टांविषयी आहे, कारण अखेर गाडीवर राहिले ते तेच.

बंपरचा बोल्ट वरून अगदी साधा दिसतो: घुमटासारखे गुळगुळीत डोके, त्याखाली चौरस मान आणि पुढे आट्यांचा दांडा. डोक्याला पाना लावायला जागाच नसते, त्यामुळे नट आवळताना बोल्ट जागेवर धरून ठेवण्याचे सगळे काम त्या मानेला करावे लागते; ती बंपरच्या पट्टीतल्या चौकोनी भोकात शिरते आणि अडून राहते. सुतारकामातला कॅरेज बोल्टही याच घडणीचा असतो आणि सगळ्या घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. लाकडात मान खोल रुतावी म्हणून कॅरेज बोल्टची मान चांगली उंच ठेवलेली असते, तर बंपरची पट्टी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. माझ्या पट्टीची जाडी २.९ मिमी भरली आणि मूळ बोल्टची मान २.४ मिमी. म्हणजे मान पट्टीच्या जाडीतच संपत होती, मागे अर्धा मिलिमीटर मोकळा राहत होता, आणि म्हणूनच नट आवळल्यावर डोके पट्टीवर घट्ट टेकत होते. डोक्याचा व्यास आणि दांड्याची लांबी मला प्रत्येक विक्रेत्याने विचारली. मानेची उंची एकानेही विचारली नाही. बोल्ट बसणार की वाया जाणार हे मात्र त्याच मापावर ठरले.

जुने बोल्ट काढण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे नमुना म्हणून हाताशी तेच असतात. गंज सोडवणारे तेल तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ सोडल्यावर आठपैकी पाच नट पान्याने सुटले. दोन बोल्ट नटांसकट जागच्या जागी फिरू लागले, कारण पट्टीतली चौकोनी भोके झिजून त्यांचे कोपरे गोलावले होते. अशा वेळी ग्राइंडर घेऊन बोल्टचे डोके उडवण्याचा मोह होतो आणि बहुतेक गॅरेजमध्ये तेच केले जाते. मी तसे न करता नट फोडण्याचे हत्यार लावून नटच चिरला. वेळ जास्त लागला, पण डोके आणि मान शाबूत राहिली आणि पुढे माप घ्यायला अस्सल नमुने मिळाले. क्रोम चढवलेल्या पट्टीजवळ गॅसची ज्योत नेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. क्रोम निळसर-पिवळा पडतो आणि तो डाग सहजासहजी जात नाही.

आठव्या बोल्टने मला सर्वांत जास्त शिकवले. त्याचा नट हाताने सहज फिरत होता, ओढून निघत नव्हता, पण पाना लावून जरा जोर देताच आतले आटे सरकले आणि नट सैल झाला. मोजून पाहिले तर बोल्ट ३/८ इंची, बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आट्यांचा होता आणि नट एम१० चा, म्हणजे मेट्रिक १० मिमी मापाचा, बारीक आट्यांचा. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी. बीएसएफमध्ये या मापाला इंचाला २० आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर १.२७ मिमी, आणि एम१० बारीक आट्यांत ते १.२५ मिमी असते. नटाच्या पूर्ण जाडीतसुद्धा एवढा सूक्ष्म फरक अडकत नाही, त्यामुळे नट झरझर चढतो आणि बोटांना सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात बोल्टचा दांडा नटापेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर बारीक असल्याने आटे केवळ टोकाटोकांनी एकमेकांना धरून असतात. पूर्वी कधीतरी कोणीतरी हाताला लागला तो नट चढवला होता आणि बंपरचा एक कोपरा इतकी वर्षे त्याच भरवशावर होता.

या काळातल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये आट्यांची ही सरमिसळ नेहमीच आढळते आणि तिला कारण आहे. ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचे आटे मांडले आणि १९०८ मध्ये त्याच कोनाचे, पण बारीक आट्यांचे बीएसएफ प्रमाण आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना बसत नसल्याचा मोठा त्रास झाला. त्यानंतर नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे एकत्रित प्रमाण मान्य केले, ज्यातून यूएनसी (जाड आट्यांची) आणि यूएनएफ (बारीक आट्यांची) ही मापे रूढ झाली. कारखाने एका रात्रीत बदलले नाहीत. माझ्याच गाडीत बंपरचे बोल्ट बीएसएफ आहेत, तर बंपरला मागून धरणाऱ्या ब्रॅकेटला चॅसीशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणारे बोल्ट ५/१६ इंची यूएनएफ निघाले. यात आणखी एक फसवी जागा आहे: जाड आट्यांच्या व्हिटवर्थ आणि यूएनसी मापांत इंचाला येणारे आटे बहुतेक ठिकाणी सारखेच असतात, फक्त कोन वेगळा असतो, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर चढतो आणि चूक कधी लक्षातच येत नाही. म्हणून कोणताही बोल्ट मागवण्यापूर्वी आटे मोजण्याची पट्टी आणि व्हर्नियर (सूक्ष्म माप घेण्याचे साधन) घेऊन बसावे. पट्टी नसेल तर दहा आट्यांची एकत्र लांबी मोजावी. ३/८ बीएसएफमध्ये ती १२.७ मिमी भरते आणि ३/८ यूएनएफमध्ये सुमारे १०.६ मिमी, तेव्हा या दोन मापांत गफलत होण्याचे कारण उरत नाही.

आता तयार संचाविषयी. विक्रेत्याने तो ‘जुन्या गाड्यांच्या बंपरसाठी’ म्हणून विकला होता. पाकीट उघडल्यावर आत एम१० मापाचे, डीआयएन ६०३ या जर्मन प्रमाणाचे, ए२-७० प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे साधे कॅरेज बोल्ट निघाले, फक्त डोक्यांना चकाकी दिलेली होती. बोल्ट म्हणून त्यांत काही खोट नाही. ए२-७० म्हणजे ताणशक्ती किमान ७०० मेगापास्कल, आणि बंपर धरायला ती भरपूर झाली. डोक्यांची चकाकी सुरेख होती, आटे स्वच्छ होते. परंतु या प्रमाणात एम१० बोल्टची मान सुमारे ६ मिमी उंच असते आणि डोक्याचा व्यास २४.५ मिमीच्या आसपास असतो. माझ्या मूळ बोल्टचे डोके २८.५ मिमी व्यासाचे होते. परिणाम असा झाला की मान पट्टीच्या मागे तीन मिलिमीटर बाहेर आली, ब्रॅकेटच्या गोल भोकाच्या काठावर टेकली आणि नट कितीही आवळला तरी डोके पट्टीपासून तेवढेच वर तरंगत राहिले. बंपरला हात लावला की पट्टी खडखडत होती. शिवाय डोके लहान असल्यामुळे मूळ बोल्टने पट्टीवर वर्षानुवर्षे उमटवलेले वर्तुळ उघडे पडले. नव्या क्रोममधूनही ती पुसटशी कड दिसत होती.

मान कमी करता येते का, हेही मी करून पाहिले. बोल्ट दोन नटांमध्ये आवळून शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरला आणि मानेचा दांड्याकडचा भाग कानशीने दांड्याइतका गोल केला. एका बोल्टला चाळीस मिनिटे लागली आणि काम चांगले झाले. ज्यांच्या गाडीचे माप मेट्रिक आहे, ज्यांच्या पट्टीतली भोके १० मिमीची आहेत आणि ज्यांना डोक्याचा लहान व्यास चालणार आहे, त्यांनी हा संच घ्यायला हरकत नाही. कानस चालवण्याची तयारी मात्र हवी. विक्रेत्याला मानेविषयी कळवले, तेव्हा ‘सगळ्यांना हेच बसतात’ एवढेच उत्तर आले. मानेची उंची वर्णनात लिहिली असती तर मी संच मागवलाच नसता, आणि ही माहिती न देणे मला ग्राहकावर अन्याय करणारे वाटते.

याच संचात स्टेनलेस स्टीलचा एक दुर्गुणही अनुभवाला आला. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आणि वेगाने चढवला की घर्षणाने आटे एकमेकांना चावतात आणि जागेवर जाम होतात. मी यंत्राच्या पान्याने आवळलेला एक नट अर्ध्यावर असा बसला की ना पुढे गेला ना मागे आला; अखेर तो बोल्ट कापावा लागला. त्यानंतर निकेलची पूड असलेले आटे न चिकटण्याचे ग्रीस लावल्याशिवाय आणि हाताच्या पान्याशिवाय मी स्टेनलेसचा एकही नट आवळलेला नाही.

टोपीच्या बोल्टांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. साध्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर स्टेनलेस पत्र्याची पातळ टोपी दाबून कडेने वळवलेली असते. ही पद्धत जुनी आहे आणि मूळ गाड्यांवरही ती आढळते, त्यामुळे ज्यांच्या गाडीला मुळातच असे बोल्ट होते त्यांच्यासाठी तीच योग्य. मला आलेल्या बोल्टांची मान आखूड होती, डोके मोठे होते आणि बसवल्यावर दिसायलाही छान होते. पण दोन बोल्टांची कड पूर्ण वळलेली नव्हती. नखाने दाबले की टोपी बारीक आवाज करत हलत होती. त्या फटीतून पाणी आत गेले आणि पाचव्या महिन्यात टोपीच्या कडेखालून तपकिरी रेघ क्रोमवर उतरली. ज्यांना हे बोल्ट घ्यायचे असतील, त्यांनी प्रत्येक टोपी दोन बोटांत धरून फिरवून पाहावी, आणि किंचितही हलली तर तो बोल्ट परत करावा.

घडवून घेण्याचा विचार मी सुरुवातीला टाळत होतो, कारण आठ बोल्टांसाठी लेथ लावायला कोणी तयार होईल असे वाटत नव्हते. दोन ठिकाणी नकारच मिळाला. तिसऱ्या ठिकाणचे टर्नर वयाने ज्येष्ठ होते. त्यांना मी डोक्याची चकाकी कशी हवी हे सांगू लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवून म्हटले, “आधी जुना बोल्ट दाखवा आणि पट्टीची जाडी सांगा. डोक्याचं आपण नंतर बघू.” दहा महिन्यांत मानेची चौकशी करणारे हे पहिले गृहस्थ. मी चक्क बंपरची पट्टीच त्यांच्याकडे घेऊन गेलो आणि तो निर्णय फार उपयोगाचा ठरला.

त्यांनी आठही भोके एकेक करून मोजली. सहा भोके ९.८ मिमीच्या आसपास होती, पण ज्या दोन ठिकाणी बोल्ट फिरत होते ती १०.२ मिमीपर्यंत झिजली होती. तयार बोल्ट घेतला असता तर त्या दोन भोकांत तो पुन्हा फिरलाच असता. टर्नरनी सहा बोल्टांची मान ९.७ मिमीची आणि दोघांची १०.१ मिमीची ठेवली, आणि ते दोन बोल्ट ओळखता यावेत म्हणून त्यांच्या दांड्याच्या टोकाला पंचाने एकेक ठिपका उमटवला. लेथवर घडवण्याचा खरा लाभ हाच आहे. ७० वर्षे वापरलेली पट्टी आता मूळ आराखड्याप्रमाणे उरलेली नसते, आणि बोल्ट आराखड्याला नव्हे तर समोरच्या भोकाला बसावा लागतो.

डोक्याचा घुमट जुळवण्याची त्यांची रीत मी शेजारी उभा राहून पाहिली. सर्वांत कमी गंजलेल्या जुन्या बोल्टचे डोके त्यांनी स्वच्छ घासले, एका पातळ पत्र्याच्या तुकड्यावर अंदाजाने कमान कापली आणि तो पत्रा डोक्यावर टेकवून दिव्यासमोर धरला. जिथून उजेड येत होता तिथे बारीक कानशीने दोन-तीन हात मारायचे, पुन्हा धरून पाहायचे, असे चालले होते. शेवटी पत्रा आणि डोके यांच्यामधून उजेडाची रेघही दिसेना. मग त्याच पत्र्याला अनुसरून त्यांनी लेथचे हत्यार घासले. नव्या आठही डोक्यांवर मी तो पत्रा घरी टेकवून पाहिला आहे, आणि तो आता माझ्याकडेच आहे.

धातू म्हणून ३०४ प्रतीचे स्टेनलेस ठरले. ३०३ प्रत कापायला सोपी असते, पण तिच्यातल्या गंधकामुळे ती गंजाला थोडी कमी टिकते, आणि बंपर हा पावसाचे व चिखलाचे पाणी सतत झेलणारा भाग आहे. ३२ मिमीच्या गोल सळईतून आधी दांडा उतरवला, मानेचा भाग १३.५ मिमी व्यासाचा ठेवून त्याच्या चार बाजू मिलिंग यंत्रावर सपाट केल्या. ९.७ मिमीच्या चौरसाचा कर्ण १३.७ मिमी येतो; म्हणजे मानेचे कोपरे किंचित बोथट राहिले आणि ते मुद्दामच, कारण धारदार कोपरा भोकाच्या कोपऱ्यातला क्रोम उडवतो. आट्यांची बहुतेक खोली ५५ अंशांच्या हत्याराने लेथवरच कापली आणि शेवटचा हात बीएसएफ डायने (आटे पाडण्याच्या हत्याराने) फिरवला, त्यामुळे आट्यांचे माथे व्हिटवर्थच्या पद्धतीप्रमाणे गोलावले. त्यांचे लेथ इंची होते, म्हणून हे काम सरळ झाले. मेट्रिक लेथवर इंची आटे अचूक पाडायचे असतील तर १२७ दातांचे गिअर लागते, कारण इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याचे पाचपट म्हणजे १२७. टर्नर निवडताना ‘लेथ इंची आहे की मेट्रिक, आणि मेट्रिक असेल तर १२७ चे गिअर आहे का’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

तक्रारी नाहीत असे नाही. तीन आठवड्यांचे आश्वासन होते आणि हातात बोल्ट पडायला अकरा आठवडे लागले. दोनदा तर सळई आणायचीच राहिली होती. आठपैकी एका डोक्याच्या मधोमध नाण्यासारखी अगदी लहान सपाटी राहिली होती. उजेडात ती दिसत नाही, पण ट्यूबलाइटचे प्रतिबिंब डोक्यावरून सरकवले की त्या जागी वाकते. मी ते दाखवल्यावर त्यांनी काही न बोलता बोल्ट पुन्हा कोलेटमध्ये (लेथच्या पकडीत) धरला आणि डोके नव्याने उतरवले. ताकदीच्या बाबतीत एक मर्यादा सांगितली पाहिजे: सळईतून कापलेल्या अशा बोल्टांवर प्रतीचा शिक्का नसतो आणि त्यांची ताणशक्ती सळईच्या प्रतीइतकीच असते. बंपर धरून ठेवायला ती पुरेशी आहे, पण ज्या गाड्यांत जॅक बंपरलाच लावायची पद्धत होती, त्यांच्या मालकांनी हे ध्यानात घ्यावे, आणि बंपरला दोर बांधून गाडी ओढणे तर कोणीच करू नये.

स्टेनलेस की क्रोम, हा प्रश्न मलाही पडला होता. क्रोमच्या चकाकीत किंचित निळसर झाक असते, तर पॉलिश केलेल्या स्टेनलेसचा रंग थोडा उबदार, करडा. तुलनेसाठी मी साध्या पोलादाचे दोन जादा बोल्ट घडवून घेतले आणि ते क्रोम करायला दिले. ते परत आले तेव्हा नट आट्यांवर चढेना, कारण प्लेटिंगवाल्यांनी आटे झाकलेच नव्हते. सजावटीच्या क्रोममध्ये वरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढाच असतो. खरी जाडी आणि गंजापासूनचे खरे संरक्षण खालच्या निकेलचे असते. आट्यांच्या उतारामुळे या थराचा परिणाम चौपटीहून अधिक होतो: २५ मायक्रॉनचा थर ५५ अंशांच्या आट्यांच्या मध्यव्यासात (माथा आणि खाच यांच्या मधोमध मोजलेल्या व्यासात) सुमारे ०.१ मिमी भर घालतो आणि तेवढ्याने नट अडतो. आटे मेणाने किंवा टेपने झाकून द्या, हे लेखी सांगावे. ज्यांना १०.९ किंवा त्याहून वरच्या ताकद-प्रतीचे कडक पोलादी बोल्ट प्लेट करून घ्यायचे असतील, त्यांनी प्लेटिंगनंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत तापवण्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे बोल्ट ठिसूळ होऊन अचानक तुटतो. रंगाविषयी सांगायचे तर सावलीत, दोन बोल्ट शेजारी धरले तर फरक कळतो. गाडीवर बसवल्यावर घुमटात आकाश आणि जमीन उमटते आणि तो फरक मला हातभर अंतरावरूनही ओळखता येत नाही. म्हणून मी स्टेनलेसच ठेवले.

ब्रॅकेटचे काम तुलनेने सोपे झाले. मागच्या ब्रॅकेटची एक पट्टी वाकली होती, ती थंडच सरळ करून घेतली, आणि अंतर राखणाऱ्या दोन नळकांड्या त्याच टर्नरनी नव्या करून दिल्या. इथे सावधगिरीची एक गोष्ट मनात येते. बंपरच्या सामानात काही विचित्र आढळले म्हणून ते नंतरच्या दुरुस्तीतले समजून फेकून देऊ नये. मॉरिस मायनरचे आरेखक ॲलेक इसिगोनिस यांनी १९४८ च्या उत्पादनाआधी प्रायोगिक गाडी मधोमध कापून ४ इंचांनी रुंद करवली. तोवर अरुंद मापाचे बंपर तयार होऊन पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मध्ये कापून, जोडपट्टी घालून रुंद केले गेले. ती जोडपट्टी म्हणजे कोणा मिस्त्रीची ठिगळे नव्हेत, ती कारखान्यातून आलेली अस्सल वस्तू आहे.

बोल्ट बसवताना मी मानेला आणि भोकाच्या कडांना मेणाचा पातळ थर दिला, मागे मोठे सपाट वायसर आणि स्प्रिंग वायसर घातले, आट्यांना निकेलचे ग्रीस लावले. सगळे नट आधी बोटांनी लावून पट्टी सैलच ठेवली, दोन्ही बाजूंची अंतरे समान करून घेतली आणि मग आतल्या बोल्टांपासून बाहेरच्या बोल्टांकडे आवळत गेलो. पट्टी ओढूनताणून भोकाशी जुळवावी लागत असेल तर दोष ब्रॅकेटमध्ये असतो. तो ताण बोल्टने का सोसावा? नट आवळताना एकही बोल्ट फिरला नाही, ठिपक्यांचे ते दोन बोल्टसुद्धा. डोके पट्टीवर टेकते तो क्षण पान्यातून हाताला स्पष्ट कळतो, आणि तयार संच बसवताना तो क्षण एकदाही आला नव्हता.

त्यानंतर गाडी सुमारे चार हजार किलोमीटर चालली, बरीचशी पावसात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तपासले तेव्हा दोन नट पाव फेरा पुढे गेले, त्यानंतर एकही हललेला नाही. क्रोमवर एकही तपकिरी रेघ नाही, खडखडाट नाही, आणि पट्टीवरचे जुने वर्तुळ नव्या डोक्याखाली पूर्ण झाकले गेले आहे. ज्यांच्याकडे निदान एक मूळ बोल्ट शाबूत आहे आणि ज्यांना वाट पाहता येते, त्यांना मी निःसंकोचपणे घडवून घेण्याचाच सल्ला देईन. घाई असेल आणि मापे मेट्रिक असतील तर तयार संच आणि कानस यांवर निभावेल. टोपीचे बोल्ट मात्र मूळ गाडीला तसेच असतील तरच घ्यावेत.

टर्नरकडून मी आणखी दोन बोल्ट जादा करून घेतले आहेत, एक ९.७ मिमी मानेचा आणि एक १०.१ मिमीचा. तेलकट कागदात गुंडाळून ते गाडीच्या खणात ठेवले आहेत, सोबत तो पत्रा आहे, आणि कागदावर लिहून ठेवले आहे: ३/८ बीएसएफ, इंचाला २० आटे, मान २.४ मिमी.